प्रश्न तुमचे: अल्ब्युमिनच्या कणांतली केमो

प्रथिनांच्या, मुख्यतः रक्तातल्या अल्ब्युमिनच्या, नॅनोकणांतून दिल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या औषधांबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. काही रुग्णांच्या घरच्यांची, काही रुग्णालयांतल्या सिस्टरांची, बाकीची फार्मसीच्या विद्यार्थ्यांची. निवडक पत्रांना एका औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि केमोथेरपी विभागात काम करणाऱ्या एका फार्मासिस्टनी मिळून उत्तरं दिली आहेत. उत्तरांतले डोस समजून घेण्यासाठी आहेत. रुग्णाला किती आणि काय द्यायचं, हे उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील.

आईचा स्तनाचा कर्करोग यकृतात पसरला आहे. साधं पॅक्लिटॅक्सेल सुरू केलं तेव्हा पहिल्याच सलाईनला तिला धाप लागली, अंगावर पित्त उठलं. आता डॉक्टर ‘अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल’ देऊ म्हणतात. औषध तेच, मग पुन्हा तसं होणार नाही कशावरून? आणि तीन तासांचं औषध अर्ध्या तासात कसं देतात? (सातारा)

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. साध्या इंजेक्शनच्या १ मिलिमध्ये ६ मिलिग्रॅम औषध असतं, आणि ते विरघळवायला निम्मं क्रेमोफोर आणि निम्मं निर्जल अल्कोहोल वापरलेलं असतं. क्रेमोफोर म्हणजे एरंडेलावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून केलेला दाट द्रव. उंची १५५ सेंमी आणि वजन ५५ किलो धरलं, तर शरीराचं पृष्ठफळ साधारण १.५४ चौरस मीटर येतं. १७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या हिशेबाने २७० मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलि इंजेक्शन लागतं. त्यात औषध पाव ग्रॅमच्या थोडं वर, क्रेमोफोर मात्र २३-२४ ग्रॅम आणि शुद्ध अल्कोहोल सुमारे २२ मिलि. (साधी केमो घेऊन लगेच स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये, त्याचं हेही एक कारण.)

धाप लागणं, पित्त उठणं, रक्तदाब पडणं या प्रतिक्रियांना बहुतेक वेळा क्रेमोफोर जबाबदार असतो. म्हणून १२ आणि ६ तास आधी डेक्सामेथासोन, अर्धा-एक तास आधी ॲलर्जीची आणि आम्लाची इंजेक्शनं, असा बंदोबस्त करावा लागतो आणि सलाईन तीन तास चालवावं लागतं. क्रेमोफोर पीव्हीसीच्या पिशवी-नळीतलं प्लास्टिसायझरही (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) ओढून घेतो, त्यामुळे नळ्या वेगळ्या लागतात.

अल्ब्युमिनवाल्या औषधाच्या १०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये पॅक्लिटॅक्सेलसोबत सुमारे ९०० मिलिग्रॅम मानवी अल्ब्युमिन असतं. क्रेमोफोर नाही, अल्कोहोल नाही. त्यामुळे नेहमीची पूर्व-औषधं सहसा लागत नाहीत आणि ३० मिनिटांत औषध देता येतं. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेच्या एफडीएने ते जानेवारी २००५मध्ये मान्य केलं. ज्या चाचणीवर ही मान्यता मिळाली, तिच्यात प्रति चौरस मीटर २६० मिलिग्रॅम अल्ब्युमिनवालं औषध घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के स्त्रियांच्या गाठी लहान झाल्या, साध्या १७५ मिलिग्रॅमच्या गटात १९ टक्के.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. प्रतिक्रिया क्रेमोफोरमुळे आली असेल तर ती टळण्याची शक्यता बरीच आहे, पण हमी नाही. प्रतिक्रिया खुद्द पॅक्लिटॅक्सेललाही येऊ शकते आणि एका टॅक्सेनला (पॅक्लिटॅक्सेलच्या कुळातल्या औषधाला) आलेली दुसऱ्यालाही येऊ शकते. आधीच्या वेळी नेमकं काय झालं, किती मिनिटांत झालं, रक्तदाब किती होता, कोणतं इंजेक्शन दिल्यावर उतरलं, हे सगळं डिस्चार्ज कार्डावरून नव्या डॉक्टरांना दाखवा. पहिला डोस जिथे तातडीची सोय जवळ आहे अशा ठिकाणीच घ्या.

दोन गोष्टी आणखी. यकृतात गाठी आहेत म्हणता, तर बिलिरुबिन आणि एएसटी या यकृताच्या रक्ततपासण्या पाहिल्याशिवाय डोस ठरत नाही. बिलिरुबिन वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. आणि या औषधात हातापायांना मुंग्या येण्याचा, बधिरपणाचा त्रास जास्त होतो: वरच्याच चाचणीत तीव्र स्वरूपात १० टक्के, साध्या औषधात २ टक्के. डोसही जास्त होता, हे खरं. औषध थांबवल्यावर तीव्र त्रास निम्म्या स्त्रियांत २२ दिवसांच्या आत उतरला. शर्टाची बटणं लावता येईनात, चप्पल पायातून निसटतेय हे कळेना, असं झालं की पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. पांढऱ्या पेशी गंभीर प्रमाणात घटण्याचं प्रमाण मात्र उलट, ९ टक्के विरुद्ध २२ टक्के. तरी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५००च्या खाली असतील तर सलाईन लावत नाहीत, आणि ताप ३८ अंश सेल्सियसला पोचला तर रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठायचं.

जाता जाता: पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून शोधणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९७१मध्ये या रेणूची रचना प्रसिद्ध केली. औषध म्हणून मान्यता मिळायला त्यानंतर २१ वर्षं लागली, आणि त्या उशिराचं एक मोठं कारण हेच, की ते कशात विरघळवायचं याचा पेच सुटत नव्हता.

‘नॅनो-औषध थेट गाठीत जातं, निरोगी पेशींना हात लावत नाही’ असं सगळीकडे वाचतो. खरं किती? जास्त पैसे मोजावेत का? (पुणे)

‘हात लावत नाही’ हे सरळ खोटं. केस जातात, नसा दुखावतात, पांढऱ्या पेशी घटतात, हे वर आलंच आहे.

‘थेट गाठीत’ याचा उगम १९८६ सालच्या एका निरीक्षणात आहे. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांना दिसलं, की गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, मोठे रेणू त्यातून बाहेर झिरपतात, आणि लसिकावाहिन्या नीट नसल्याने तिथेच साचतात. हे उंदरांतल्या वेगाने वाढणाऱ्या गाठींत ठळक दिसतं. माणसात गाठ वर्षानुवर्षं वाढलेली असते, तिच्यातला दाब जास्त असतो, आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही फरक असतो. टोरांटोच्या एका गटाने २०१६मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक (निम्मे निकाल ज्याच्या खाली, निम्मे वर असा आकडा) निघाला ०.७ टक्के. बाकीचं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळतात.

अल्ब्युमिन-पॅक्लिटॅक्सेलच्या बाबतीत तर गोष्ट आणखी वेगळी आहे. व्हायलमधले कण सरासरी १३० नॅनोमीटरचे असतात, पण रक्तात पातळ होताच ते फुटतात आणि पॅक्लिटॅक्सेल चिकटलेले सुटे अल्ब्युमिन रेणू उरतात. म्हणजे अखंड कण गाठीपर्यंत जाण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. जीपी६० नावाचा ग्राही (रेणू पकडणारं पेशीवरचं प्रथिन) अल्ब्युमिनला रक्तवाहिनीच्या भिंतीतून पलीकडे नेतो, आणि गाठीतलं स्पार्क नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं, अशी मांडणी होती. पहिल्या भागाला आधार आहे. दुसरा भाग मोठ्या चाचणीत टिकला नाही: स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ८६१ रुग्णांच्या चाचणीतले नमुने तपासले, तेव्हा गाठीत स्पार्क जास्त असलेल्यांना जास्त फायदा झाला असं काही दिसलं नाही.

तरी त्या चाचणीत औषधाचा उपयोग झालाच. नुसत्या जेमसिटाबिन या केमोच्या औषधावर मध्यक आयुष्य ६.७ महिने होतं, जोडीला अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल दिल्यावर ८.५ महिने. आमच्या मते या औषधाचा खरा गुण साधा आहे: त्याने क्रेमोफोर हटवला. त्यामुळे जास्त डोस देता आला, औषध क्रेमोफोरच्या थेंबांत अडकून रक्तातच फिरत राहिलं नाही, पेशींकडे लवकर वळलं. जाहिरातवाल्यांना ही गोष्ट फार साधी वाटत असावी.

पैशांचं म्हणाल तर आजारावर अवलंबून आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसिटाबिनसोबतची प्रस्थापित जोडी अल्ब्युमिनवाल्याचीच आहे. स्तनाच्या कर्करोगात मात्र साधं पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला ९० मिलिग्रॅम आणि अल्ब्युमिनवालं दर आठवड्याला १५० मिलिग्रॅम अशी थेट तुलना २०१५मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा महाग औषध सरस ठरलं नाही, त्रास जास्त झाला. साधं औषध नीट सोसत असेल तर केवळ ‘नॅनो’ शब्दासाठी दागिने मोडू नयेत.

आमच्या डे-केअरमध्ये हे औषध तयार करताना कधी भरपूर फेस येतो, कधी पांढरे दोरे दिसतात. एकदा फिल्टरच तुंबला. काय चुकतं? (स्टाफ नर्स, कोल्हापूर)

तिन्ही गोष्टींचं मूळ एकच. साध्या पॅक्लिटॅक्सेलची सवय हाताला असते आणि इथे व्हायलमध्ये प्रथिन आहे.

आधी फेस. अंड्याचा पांढरा बलक फेटल्यावर जे होतं तेच इथे होतं. हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर प्रथिन उलगडतं आणि बुडबुड्यांना घट्ट धरतं. म्हणून १०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये ०.९ टक्के सलाईनचे २० मिलि घालायला किमान एक मिनिट घ्या. सुईचं तोंड व्हायलच्या आतल्या काचेकडे ठेवा, धार थेट पांढऱ्या वडीवर पडू देऊ नका. मग किमान पाच मिनिटं व्हायल तशीच ठेवा, वडी भिजू द्या. बहुतेक जणी इथेच घाई करतात. त्यानंतर किमान दोन मिनिटं हळूहळू गोल फिरवा किंवा सावकाश उलटी-सुलटी करा. हलवायची नाही, तळहातावर आपटायची नाही. तरी फेस आलाच तर १५ मिनिटं थांबा, बसतो. शेवटी दुधासारखं एकसारखं द्रावण दिसलं पाहिजे. तळाला गाळ दिसला तर पुन्हा सावकाश उलटी-सुलटी करा, तरी विरघळला नाही तर व्हायल बाद.

आता १ मिलिमध्ये ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मिलिग्रॅमला ५ने भागलं की मिलि मिळतात. १.५४ चौरस मीटर पृष्ठफळाला, दर चौरस मीटरला २६० मिलिग्रॅमप्रमाणे, ४०० मिलिग्रॅम, ८० मिलि, चार व्हायल. हे रिकाम्या निर्जंतुक पिशवीत भरायचं. १०० किंवा २५० मिलि सलाईन असलेल्या पिशवीत टोचायचं नाही.

पांढरे दोरे बहुधा सिरिंजमुळे. रबरी दट्ट्या सहज सरकावा म्हणून कित्येक सिरिंजांत आतून सिलिकॉन तेल लावलेलं असतं. तेलाच्या पृष्ठभागावर अल्ब्युमिन उलगडून त्याचे धागे होतात. काही सलाईनच्या पिशव्यांतही हे तेल असतं. सिलिकॉन तेल नसलेल्या सिरिंज मागवा, दट्ट्याला रबर नसलेल्या दोन भागांच्या सिरिंजमध्ये ते साधारणपणे नसतं. पिशवी लावण्याआधी उजेडात धरून पाहा. दोरे दिसले तर युरोपातल्या माहितीपत्रकानुसार १५ मायक्रॉनचा फिल्टर असलेल्या सेटमधून द्यायचं असतं.

फिल्टर तुंबला, कारण साध्या पॅक्लिटॅक्सेलसाठीचा ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लावला गेला. १५ मायक्रॉनपेक्षा बारीक जाळी चालत नाही. तुंबणं ही दिसणारी अडचण झाली. न दिसणारी अशी, की औषधाचा काही भाग जाळीतच राहतो आणि कुणाला कळत नाही.

वेळेचा हिशेब: तयार द्रावण लगेच वापरावं. ठेवायचंच असेल तर २ ते ८ अंशांत, उजेडापासून झाकून, व्हायल आणि पिशवी मिळून एकंदर २४ तास. त्यानंतर खोलीच्या तापमानाला पिशवीत चार तास. हे मूळ औषधाचे आकडे आहेत. तुमच्याकडे ज्या कंपनीचं येतं तिचं माहितीपत्रक कपाटाच्या दारावर चिकटवा.

आणि फाइलवर नुसतं ‘पॅक्लिटॅक्सेल’ लिहिलेलं असेल तर औषध भरूच नका. १७५ आणि २६० या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर साध्या औषधाचा दीडपट डोस जातो. ‘अल्ब्युमिनबद्ध पॅक्लिटॅक्सेल’ असं पूर्ण नाव, मिलिग्रॅम आणि पृष्ठफळ, तिन्ही लिहून घ्या.

हे अल्ब्युमिन माणसाच्या रक्तातून काढतात म्हणे. कावीळ किंवा एचआयव्हीची भीती नाही का? (सोलापूर)

हो, दात्यांच्या रक्तद्रवातूनच काढतात. दाते तपासलेले असतात, अल्कोहोलने प्रथिनं वेगळी करताना बरेच विषाणू मागे पडतात, आणि शेवटी अल्ब्युमिन ६० अंश सेल्सियसला १० तास तापवलं जातं. बाकीची बहुतेक प्रथिनं या उष्णतेने साकळतील, अल्ब्युमिनला कॅप्रिलेटसारखे आधार दिले की ते टिकतं. म्हणूनच रक्ताच्या पदार्थांत अल्ब्युमिनचा सुरक्षिततेचा इतिहास फार चांगला आहे. धोका शून्य असं माहितीपत्रकही म्हणत नाही, सैद्धांतिक म्हणतं. रक्त किंवा रक्ताचे पदार्थ न घेण्याचा धार्मिक नियम पाळणाऱ्या कुटुंबांनी मात्र हे आधी विचारून घ्यावं, कारण नावावरून लक्षात येत नाही.

अंड्याच्या पांढऱ्या भागातही अल्ब्युमिन असतं. बाबांचं अल्ब्युमिन २.६ आलंय. रोज सहा अंडी दिली तर औषध जास्त लागू पडेल का? अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी काय करावं? (नागपूर)

अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे वेगळंच प्रथिन आहे, ३८५ अमिनो आम्लांचं. माणसाचं रक्तातलं अल्ब्युमिन ५८५चं. अंडं पचून त्याची अमिनो आम्लं होतात, मग यकृत त्यातून स्वतःचं अल्ब्युमिन बनवतं. अंड्याची ॲलर्जी म्हणून हे इंजेक्शन टाळायचं कारण नाही.

४०० मिलिग्रॅमच्या डोससोबत ३.६ ग्रॅम अल्ब्युमिन जातं. निरोगी माणसाच्या रक्तात तेच सुमारे १२० ग्रॅम असतं. तेव्हा औषधातल्या अल्ब्युमिनने बाबांचा आकडा वर जाणार नाही. २.६ बहुधा आजारामुळे, सुजेमुळे, यकृतामुळे किंवा उपासमारीमुळे आलेला असतो. अंडी जरूर द्या, पचतील तेवढी. औषध लागू पडावं म्हणून नाही, वजन राहावं म्हणून.

एम.फार्म.च्या प्रकल्पात बीएसएचे (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) नॅनोकण इथेनॉलने डिसॉल्व्हेशन करून, म्हणजे विरघळलेलं प्रथिन बाहेर काढून, बनवतोय. आकार ६०० ते ८०० नॅनोमीटर, पीडीआय (कणांच्या आकारांतली तफावत) ०.५. तळाला गुठळ्या बसतात. कधीकधी तर धुतल्यावर द्रावण चक्क स्वच्छ होतं, कणच नाहीत! (शिरपूर)

पत्रात पीएच किती ठेवलं ते लिहिलेलं नाही, आणि आमचा पहिला संशय तिथेच आहे.

आधी चालणारी कृती देतो. २०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन २ मिलि, १० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये. दहा-पंधरा मिनिटं न ढवळता भिजू द्या, मग हलकं ढवळा. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी पीएच ८.२ ते ८.५ करा. ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. ५०० ते ६०० आरपीएमवर चुंबकी ढवळणी चालू ठेवून ८ मिलि इथेनॉल दर मिनिटाला १ मिलि या वेगाने सोडा, सिरिंज पंपाने. द्रावण दुधाळ निळसर होईल. मग कणांतली प्रथिनं एकमेकांना जोडून बांधणाऱ्या ८ टक्के ग्लुटरल्डिहाइडचे २३५ मायक्रोलिटर घालून २४ तास ढवळत ठेवा. सेंट्रिफ्यूजमध्ये १६,००० ते २०,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोराने) १० मिनिटं फिरवून, दर वेळी पाण्यात अल्ट्रासॉनिक बाथने पसरवून, तीनदा धुवा. साधारण १५० ते २५० नॅनोमीटर मिळायला हवेत.

पीएच का महत्त्वाचं? अल्ब्युमिनचा समविद्युत बिंदू (जिथे रेणूवरचा एकूण प्रभार शून्य होतो ते पीएच) ४.७च्या आसपास. पीएच जितकं त्याच्या वर, तितका रेणूंवर ऋण प्रभार जास्त, तितके ते एकमेकांना ढकलतात आणि कण लहान राहतात. बीएसए पाण्यात टाकल्यावर पीएच आपोआप सातच्या खाली-आसपास येतं, आणि बरेच विद्यार्थी तिथेच काम सुरू करतात. मग ५०० नॅनोमीटरच्या पुढे गेल्याचं आश्चर्य नाही. अल्ब्युमिन घालण्याआधी पाण्याचं पीएच लावणं हा त्याचाच दुसरा प्रकार.

मीठही पाहा. फॉस्फेट बफर सलाईनमध्ये केलं असेल तर त्यातल्या आयनांनी प्रभार झाकले जातात, परिणाम तोच. ट्रिस बफर तर अजिबात नको: त्याचा अमिनो गट तुमचं ग्लुटरल्डिहाइड खाऊन टाकतो.

गुठळ्या बहुधा इथेनॉल भरभर ओतल्याने. जिथे थेंब पडतो तिथे क्षणभर इथेनॉल फार होतं आणि प्रथिन एकदम साकळतं. पिपेटने हाताने टाकू नका. नळीचं टोक ढवळणीच्या भोवऱ्याजवळ ठेवा. अरुंद कुपीत लांब चुंबक अडखळत फिरत असेल तर कुपी बदला. एवढं करून पीडीआय उतरला नाही तर बीएसएची बाटली पाहा. जुन्या किंवा स्वस्त मालात अल्ब्युमिनच्या जोड्या आणि गुच्छ आधीच झालेले असतात, ते आकार बिघडवतात. एकाच लॉटमधून सगळे प्रयोग करा आणि लॉट क्रमांक वहीत लिहा.

धुतल्यावर द्रावण स्वच्छ होणं म्हणजे कण बांधलेच गेले नव्हते. इथेनॉलने फक्त ते बाहेर काढले, पाणी मिळताच पुन्हा विरघळले. हे तपासायला सेंट्रिफ्यूज लागत नाही: ५० मायक्रोलिटर मिश्रण १ मिलि पाण्यात टाका. गढूळपणा गेला तर जोडणी झालेली नाही. ग्लुटरल्डिहाइड जुनं असेल तर त्याची आपसांत साखळी होऊन ते निकामी होतं. थंडीत ठेवलेलं, ताजं पातळ केलेलं वापरा. प्रमाणाचा हिशेब असा: २०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन म्हणजे ३ मायक्रोमोल, दर रेणूत साधारण ६० अमिनो गट, एकूण १८० मायक्रोमोल. ८ टक्क्यांच्या २३५ मायक्रोलिटरमध्ये सुमारे १८८ मायक्रोमोल ग्लुटरल्डिहाइड. जवळजवळ एकास एक. याहून वाढवलं तर कण कडक होतात, एन्झाइमने उशिरा सुटतात आणि मोकळं अल्डिहाइड पेशींना मारतं. मग पेशींवरच्या चाचणीत औषधाचा परिणाम म्हणून जे दिसतं ते अल्डिहाइडचं असू शकतं. शेवटी ग्लायसिन घालून उरलेलं संपवा आणि रिकाम्या कणांचा गट प्रत्येक चाचणीत ठेवा.

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं दुसरं औषध भरणार असाल तर आणखी एक खोच. त्याच्या साखरेवर अमिनो गट असतो. जोडणीच्या आधी घातलंत तर ग्लुटरल्डिहाइड त्यालाही प्रथिनाला बांधतं. भरण (घातलेल्या औषधापैकी कणांत गेलेला भाग) ९५ टक्के दिसते, आणि सुटणारं काहीच नसतं. कण आधी तयार करून, धुऊन, मग डॉक्सोरुबिसिन शोषून घेऊ द्या.

आणि अहवालात आरपीएम लिहू नका, जी लिहा. त्रिज्या सेंटीमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग गुणिले ०.००००१११८. आठ सेंटीमीटरच्या रोटरला १३,००० आरपीएम म्हणजे सुमारे १५,००० जी.

पॅक्लिटॅक्सेल भरलेल्या कणांत भरण ९८ टक्के आली, आणि डायलिसिस पिशवीतून (औषध झिरपू देणारी, कण अडवणारी पिशवी) ७२ तासांत फक्त ३ टक्के सुटलं. मार्गदर्शक म्हणतात उत्तम नियंत्रित विमोचन, म्हणजे औषध ठरल्यासारखं सावकाश सुटणं. शंका येते. (नांदेड)

शंका योग्य आहे. दोन्ही आकडे पॅक्लिटॅक्सेलच्या अविद्राव्यतेने दिलेले असू शकतात.

भरण मोजताना कण खाली बसवून वरच्या पाण्यातलं औषध मोजलंत, ते जवळजवळ शून्य आलं, वजा केलं, ९८ टक्के. पण कणांत न शिरलेलं पॅक्लिटॅक्सेलही पाण्यात राहत नाही, स्फटिक होऊन कणांसोबतच तळाला जातं. एक थेंब काचपट्टीवर घेऊन ध्रुवीकृत प्रकाशात पाहा, चकाकणाऱ्या सुया दिसल्या तर उत्तर मिळालं. कमी वेगावर पाच मिनिटं फिरवून मोठे स्फटिक आधी वेगळे करा. मग कण प्रोटिएजने (प्रथिन तोडणारं एन्झाइम) विरघळवून, ॲसिटोनायट्राइलने औषध काढून एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) थेट मोजा. कणांतलं, वरच्या पाण्यातलं आणि तळाचं मिळून घातलेल्याच्या ९० टक्क्यांवर जमत नसेल तर कुठेतरी गळती आहे, बहुधा प्लास्टिकच्या नळीला चिकटून.

विमोचनाचा हिशेब मांडा. पॅक्लिटॅक्सेलची पाण्यातली विद्राव्यता १ मिलिला ०.३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. पिशवीत १ मिलिग्रॅम आणि बाहेर १०० मिलि बफर ठेवलं, तर त्या बफरमध्ये मावतंच ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ टक्के. तुमचा आलेख बफर भरल्यावर आडवा झाला, कणांनी काही नियंत्रित केलेलं नाही. बाहेरच्या द्रवात ट्वीन ८० (औषध विरघळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ) घाला, आणि ठराविक वेळाने सगळा द्रव बदला. शेजारी नुसतं औषध भरलेली पिशवी ठेवा. ती दोन-चार तासांत रिकामी झाली तरच कणांच्या आलेखाला अर्थ आहे. मार्गदर्शकांना या पिशवीचा आलेख दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

अल्ब्युमिनशिवाय दुसऱ्या प्रथिनांचं काही पुढे आलंय का? (मडगाव)

बाजारात आलेलं दुसरं औषधही अल्ब्युमिनवरच आहे: सिरोलिमस. पेकोमा नावाच्या दुर्मिळ गाठींसाठी एफडीएने ते नोव्हेंबर २०२१मध्ये मान्य केलं. जिलेटिन, रेशमाचं फायब्रोइन, मक्यातलं झेन यांच्यावर संशोधन भरपूर आहे. शिरेतून देण्याच्या दृष्टीने झेन आम्हाला सगळ्यात अवघड वाटतं, पाण्यात गोळा होतं आणि शरीराला परकं आहे.

रोचक आहे ते फेरिटिन, शरीरात लोह साठवणारं प्रथिन. २४ तुकड्यांचा पोकळ गोळा, बाहेरून १२ नॅनोमीटर, आतून ८. सगळे कण निसर्गतःच एका मापाचे, त्यामुळे पीडीआयची कटकट नाही. मानवी फेरिटिनची जड साखळी पेशीवरच्या ट्रान्सफेरिन ग्राहीला चिकटते, आणि तो ग्राही बऱ्याच कर्करोगांच्या पेशींवर जास्त असतो. औषध भरायला पीएच २पर्यंत उतरवून गोळा उघडायचा, डॉक्सोरुबिसिन घालायचं, पीएच ७.४वर आणून मिटवायचा. अडचण तिथेच येते: सगळे गोळे पुन्हा नीट मिटत नाहीत, काहींत भोक राहतं, काही एकमेकांना चिकटून साकळतात, आणि प्रथिनाचा बराच भाग वाया जातो. म्हणून काही गट आता ८ मोलर युरियाने उघडून, युरिया टप्प्याटप्प्याने कमी करत मिटवतात. त्यात वेळ जास्त जातो, पण गाळ कमी पडतो.